पकडलेला टन आणि टळलेला टन : कार्बन कॅप्चरला निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
औद्योगिक कार्बन कॅप्चरच्या संशोधनाला निधी आणि प्रकल्पांना तांत्रिक मंजुरी देणाऱ्या समित्यांचे सदस्य

विषय : छाननीत पकडीच्या टक्क्याआधी दीर्घ चाचणीचा मेळ मागण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

आपल्यापुढे येणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एक आकडा ठळक अक्षरांत असतो : धुरातल्या कार्बन डायऑक्साइडची पकड ९० टक्के, ९५ टक्के, अलीकडे ९८ टक्केही. गुण त्यावर पडतात, निधी त्यावर ठरतो. आमची विनंती अशी, की हा आकडा यापुढे सगळ्यात शेवटी वाचावा. तो खोटा असतो असे आमचे म्हणणे नाही. तो मिळवणे सोपे आहे. अमाइन या नायट्रोजनयुक्त रसायनाच्या द्रावणात वायूतला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा आणि द्रावण तापवून तो पुन्हा सोडवायचा, या पद्धतीचे पेटंट रॉबर्ट बॉटम्स यांना १९३० साली मिळाले. मनोरा पुरेसा उंच बांधला, द्रावण भरपूर फिरवले आणि वाफ सढळ हाताने दिली, की ९० टक्के पकड कोणत्याही दिवशी दाखवता येते. खरी परीक्षा पुढे असते. तेच द्रावण, कारखान्याच्या खऱ्या धुरावर, सहा महिन्यांनी, तेवढ्याच वाफेत तेवढेच काम करते का? संशोधनाचा कस तिथे लागतो, आणि तिथपर्यंत पोचायच्या आत बहुतेक प्रकल्पांचे पैसे संपलेले असतात.

हिशेब हाताशी राहावा म्हणून एक संच डोळ्यांसमोर धरू. सिमेंटच्या भट्टीला जोडलेला, दिवसाला १,००० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा, पाण्यात ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइन वापरणारा. कारखान्यात सगळे त्याला एमईए म्हणतात, आपणही तेच म्हणू. सिमेंटच का, तर तिथे नुसते इंधन बदलून भागत नाही. चुनखडी भट्टीत फुटते तेव्हा दर १०० किलोमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. सिमेंट कारखान्याच्या उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के वाटा या दगडाचा असतो. तिथे कॅप्चरला फारसा पर्याय नाही, आणि म्हणूनच ते नीट जमले पाहिजे अशी आमची तळमळ आहे.

भट्टीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड २० टक्के धरला, तर ९० टक्के पकडीसाठी तासाला सुमारे १,१८,००० प्रमाण घनमीटर वायू अ‍ॅब्सॉर्बरमधून, म्हणजे शोषणाच्या मनोऱ्यातून, न्यावा लागतो. धूर गॅस टर्बाइनचा, म्हणजे ४ टक्क्यांचा असता, तर तेवढ्याच टनांसाठी पाचपट. सुमारे ४० अंशांपर्यंत थंड केलेला वायू खालून वर चढतो आणि द्रावण वरून पॅकिंगवर पसरत खाली येते. वरून सोडलेल्या लीन द्रावणात अमाइनच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे ०.२० रेणू आधीच असतात. तळाशी पोचलेल्या रिच द्रावणात ते ०.४५ होतात. म्हणजे एका फेरीची कमाई पाव रेणूची. त्यामुळे एक टन पकडायला साडेअठरा टन द्रावण फिरवावे लागते, आपल्या संचात तासाला सुमारे ७७० टन. एवढे द्रावण स्ट्रिपरमध्ये, म्हणजे वायू सोडवण्याच्या मनोऱ्यात, १२० अंशांपर्यंत तापवायचे आणि परत ४० अंशांवर आणायचे, रात्रंदिवस.

या तापवण्यातली उष्णता तीन वाटांनी जाते. कार्बन डायऑक्साइड आणि अमाइन यांचा बंध तोडायला टनामागे सुमारे १.९ गिगाज्यूल लागतात. हा रसायनाचा भाग. द्रावक बदलल्याशिवाय तो हलत नाही. स्ट्रिपरच्या माथ्यावरून वायूबरोबर जी पाण्याची वाफ निघून जाते तिच्यात साधारण १ गिगाज्यूल जातो. उरलेला भाग क्रॉस एक्स्चेंजरच्या पदरात पडतो. स्ट्रिपरमधून परतणारे गरम लीन द्रावण आपली उष्णता तिकडे निघालेल्या थंड रिच द्रावणाला देते. दोघांच्या तापमानात शेवटी १० अंशांची तफावत उरली, तर टनामागे सुमारे ०.७ गिगाज्यूल स्ट्रिपरच्या तळाशी वाफेने द्रावण तापवणाऱ्या रिबॉयलरला भरून द्यावे लागतात. तफावत ५ अंशांवर आली की हा खर्च निम्मा. एकूण ३.६ गिगाज्यूलमध्ये हा फरक १० टक्क्यांचा आहे. भट्टीची बारीक धूळ आणि द्रावणाचे विघटित अंश मिळून एक्स्चेंजरच्या प्लेटांवर चिकट थर धरतात, आणि तो थर हे १० टक्के काही आठवड्यांत खाऊन टाकतो. नव्या द्रावकाने १० टक्के वाफ वाचवली तर त्याचा शोधनिबंध होतो. गाळाने तेवढीच वाफ खाल्ली तर प्लेटा धुतल्याची एक ओळ पाळीच्या वहीत पडते, आणि ती वही आपल्यापर्यंत कधी येत नाही.

आता वाफेचा प्रश्न. ३.६ गिगाज्यूल म्हणजे कमी दाबाची सुमारे १.७ टन वाफ, दर टनामागे. आपल्या संचाला तासाला ७० टन वाफ लागेल, म्हणजे ४२ मेगावॅट उष्णता, खंड न पडता. ती येणार कुठून, हे बऱ्याच प्रस्तावांत एका ओळीत उरकलेले असते : ‘वाफ कारखान्याकडून उपलब्ध.’ सिमेंटच्या कारखान्यात अशी वाफ पडून नसते. तिच्यासाठी कोळशाचा नवा बॉयलर बसवला आणि त्याचा धूर तसाच सोडला, तर तो दिवसाला सुमारे ४०० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकेल. म्हणजे पकडले १,००० टन, टळले ६००. नैसर्गिक वायूचा बॉयलर असेल तर नवे उत्सर्जन २२५ टनांच्या आसपास, टळले ७७५. यात पकडलेला वायू शंभर-सव्वाशे बारपर्यंत दाबायला दिवसाला लागणारी लाखभर युनिट वीज अजून मोजलेली नाही; पंखे आणि पंप वेगळेच. नव्या बॉयलरचा धूरही त्याच अ‍ॅब्सॉर्बरमध्ये वळवता येतो, पण मग मनोरा, पंखा, पंप सगळेच मोठे होते आणि वाफही आणखी लागते. पकडलेला टन आणि टळलेला टन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तावात पहिलाच आकडा असेल, तर दुसरा मागून घ्यावा.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २०१७ साली कोळशाच्या वीजकेंद्रावर सुरू झालेल्या पेट्रा नोव्हा संचाने वाफेसाठी वेगळी गॅस टर्बाइन उभारली, आणि तिचा धूर पकडीत घेतलेला नव्हता. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ साली सुरू झालेला संच वर्षाला ४ लाख टनांसाठी आखला आहे, कारखान्याच्या उत्सर्जनाच्या साधारण निम्म्यासाठी. निम्म्यासाठीच का? कारण भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेत तेवढेच बसते. पहिल्या पानावर ‘५० टक्के’ लिहिलेला असा प्रस्ताव आपल्या आजच्या गुणपत्रिकेत मागे पडेल. आम्हाला मात्र त्यात उष्णतेचा हिशेब आधी आणि टक्का मागून ठरवल्याचे दिसते. चांगल्या आखणीचा क्रम तोच.

धुराबद्दल आता सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक संच तिथे अडतात. प्रयोगशाळेत सिलिंडरमधला वायू वापरतात : नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, फार तर थोडा ऑक्सिजन. कारखान्याच्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो, नायट्रोजनची ऑक्साइडे असतात, हायड्रोजन क्लोराइड असतो, धूळ असते आणि या सगळ्यांचे प्रमाण तासातासाला बदलते. सिमेंटमध्ये रॉ मिल, म्हणजे कच्चा माल दळणारी चक्की, चालू असताना भट्टीचा वायू कच्च्या मालातून जातो आणि त्यातला बराच सल्फर चुनखडीच शोषून घेते. मिल देखभालीसाठी थांबली की तोच वायू सरळ धुरांड्याकडे येतो. तापमान, सल्फर, धूळ आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, चारही गोष्टी काही मिनिटांत उडी मारतात. चाचणीचे वाचन मिल चालू असतानाचेच दाखवले असेल, तर आपल्याला अर्धेच चित्र दिसते आहे.

सल्फर डायऑक्साइडचा एक रेणू अमाइनचे दोन रेणू कायमचे अडकवतो. त्यातून तयार होणारे क्षार स्ट्रिपरच्या उष्णतेने सुटत नाहीत. आपल्या संचात ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) सल्फर डायऑक्साइड आला आणि सगळा शोषला गेला, तर दिवसाला सुमारे ७७० किलो एमईए त्यातच गुंतेल. १० पीपीएमला तोच आकडा १५५ किलोवर येतो. म्हणून अ‍ॅब्सॉर्बरच्या आधीच्या कूलरमध्ये कॉस्टिक सोडा सोडून सल्फर १० पीपीएमच्या खाली आणतात. अंदाजपत्रक कापताना ही पायरी सर्वांत आधी कापली जाते, कारण ती ‘पकड’ या शीर्षाखाली येत नाही.

बाहेरून आत ओढली जाणारी हवाही अशीच दुर्लक्षित. कच्चा माल आधी तापवणाऱ्या प्रीहीटरमधून निघताना वायूत कार्बन डायऑक्साइड ३० टक्क्यांच्या आसपास असू शकतो. धुरांड्यापर्यंत जाताना मिल, डक्ट आणि फिल्टरच्या फटींतून हवा शिरते आणि तो २० वर येतो. तेवढ्याच टनांसाठी आता दीडपट वायू हाताळायचा : मनोऱ्याचा छेद दीडपट, पंखा दीडपट. शिवाय या हवेबरोबर ऑक्सिजन येतो, आणि अमाइनचा मोठा शत्रू तोच. सील बदलणे, गळक्या झडपा आणि डक्टचे जोड दुरुस्त करणे हे काम कुणाला संशोधन वाटत नाही. तरीही कॅप्चर संचाचा आकार ठरवण्याआधी ते झाले पाहिजे, आणि त्याला प्रकल्पातूनच पैसे मिळाले पाहिजेत.

द्रावण कसे म्हातारे होते, ते जवळून पाहू. ताजे ३० टक्के एमईए पाण्यासारखे नितळ असते. संच चालू झाल्यावर दर आठवड्याला लीन पंपाच्या मागच्या नळीतून काढलेल्या नमुन्यांच्या बाटल्या ओळीने मांडल्या, तर पहिल्या फिकट पिवळ्या, पुढच्या कोऱ्या चहासारख्या आणि नंतरच्या उजेडासमोर धरूनही आरपार न दिसणाऱ्या गडद तपकिरी असतात. रंग घाबरवतो, पण त्यावरून मोजमाप होत नाही. मोजायच्या गोष्टी चार. टायट्रेशनने, म्हणजे आम्ल थेंबाथेंबाने घालून, अमाइनचे प्रमाण. न सुटणाऱ्या क्षारांची बेरीज, त्यात फॉर्मेट आणि ऑक्झॅलेट वेगळे काढून. विरघळलेले लोह, क्रोमियम, निकेल. आणि अ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्यावरून निघणाऱ्या वायूतला अमोनिया. चौथी गोष्ट सर्वांत आधी बोलते. ऑक्सिजनने एमईए फुटू लागले की अमोनिया सुटतो, आणि टायट्रेशनला काही जाणवायच्या आत माथ्यावरचा अमोनिया चढू लागतो.

यात एक दुष्टचक्र दडलेले असते. ऑक्सिजनमुळे अमाइन फुटून आम्ले तयार होतात. आम्लांमुळे द्रावण पोलादाला अधिक खाऊ लागते. खाल्लेले लोह द्रावणात उतरते, आणि विरघळलेले लोह ऑक्सिडेशनला आणखी चालना देते. स्ट्रिपरमध्ये दुसरी झीज चालूच असते : रिबॉयलरच्या नळीचा पृष्ठभाग द्रावणापेक्षा जास्त गरम असतो, तिथे कार्बन डायऑक्साइड धरून बसलेले अमाइनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड, निरुपयोगी संयुगे बनतात. जास्त दाबाची वाफ देऊन छोट्या रिबॉयलरवर भागवले, की खर्च वाचल्यासारखा दिसतो आणि द्रावण जळत राहते. या सगळ्यामुळे म्हातारपण सरळ रेषेत येत नाही. सुरुवातीचे आठवडे शांततेत जातात, लोह साठते, आणि मग वेग अचानक वाढतो. ५०० तासांची चाचणी म्हणजे जेमतेम तीन आठवडे. ती या शांत काळातच संपते आणि अहवालात येते : ‘विघटन नगण्य.’

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चाचणी चालू असताना ताजे द्रावण ओतत राहिले, तर जुने पातळ होते आणि सगळी वाचने सुधारतात. तसे करण्यात गैर काही नाही, कारखान्यातही भर घालावीच लागते. एमईएसाठी टनामागे दीड किलो भर धरली, तर आपल्या संचात दिवसाला दीड टन अमाइन नवे घालावे लागेल. गैर आहे ते त्याची नोंद नसणे. किती पिंपे, कोणत्या तारखेला, किती टक्क्यांची, आणि त्याच काळात किती द्रावण काढून टाकले, ही यादी नसेल तर विघटनाच्या आकड्याला किंमत नाही. खराब क्षार काढण्यासाठी रिक्लेमर लागतो. त्यात कॉस्टिक सोडा घालून अडकलेले अमाइन सोडवतात, ते तापवून वाफेच्या रूपात परत मिळवतात, आणि तळाशी काळा चिकट गाळ उरतो. हा घातक कचरा आहे. तो टनामागे किती निघतो आणि जातो कुठे, हे प्रस्तावात लिहिलेले हवे. ‘रिक्लेमर पुढच्या टप्प्यात’ असे लिहिलेले दिसले, तर दीर्घ चाचणी झालेलीच नाही असे समजायला हरकत नाही.

माथ्यावरून काय निघते, याबद्दल समित्यांनी अधिक कडक व्हावे असे आम्हाला कळकळीने वाटते, कारण तिथे आसपास राहणाऱ्या माणसांचा संबंध येतो. अ‍ॅब्सॉर्बरच्या वर पाण्याने धुण्याचा टप्पा असतो. तो अमाइनची वाफ चांगली धरतो. धुके मात्र त्याला धरता येत नाही. धुरात सल्फ्युरिक आम्लाचे एक मायक्रॉनहून लहान कण असतील, तर मनोऱ्याच्या गरम पट्ट्यात त्यांच्यावर पाणी आणि अमाइन साचते. थेंब फुगतो, पण इतका नाही की जाळीच्या डिमिस्टरला अडकावा. ती जाळी काही मायक्रॉनच्या पुढच्या थेंबांसाठी असते. सिलिंडरच्या वायूत असे कण नसतातच, म्हणून प्रयोगशाळेत अमाइनची गळती नगण्य दिसते आणि खऱ्या धुरावर ती कित्येक पटींनी वाढते. इलाज आहेत. वायू आत येण्यापूर्वी अतिसूक्ष्म कण धरणारे फिल्टर बसवता येतात. त्यांनी ५० मिलिबार दाब खाल्ला तर आपल्या संचात पंख्याला सव्वादोनशे किलोवॅटच्या आसपास जादा वीज लागेल. ही किंमत मोजावी, आणि सुरुवातीलाच मोजावी.

नायट्रोजन डायऑक्साइड आणि दुय्यम अमाइन यांच्या संयोगातून नायट्रोसअमाइने तयार होतात, आणि त्यांतली अनेक कर्करोगकारक आहेत. नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने नायट्रोसअमाइने आणि नायट्रअमाइने मिळून हवेत घनमीटरमागे ०.३ नॅनोग्रॅम आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४ नॅनोग्रॅम अशी शिफारस केलेली आहे. इतक्या बारीक मर्यादा पाळायच्या, तर द्रावणात काय आहे हे मंजुरी देणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. व्यापारी गुपित आम्ही समजू शकतो. गोपनीयतेचा करार करून घटक पाहता येतात. मात्र घटक कुणालाच न दाखवता मिळालेली मंजुरी आम्हाला मान्य होण्यासारखी नाही.

मोजमापाविषयी थोडे. पकडलेला कार्बन डायऑक्साइड तीन ठिकाणी मोजता येतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा वायू यांतला फरक. लीन आणि रिच द्रावणातल्या प्रमाणाचा फरक गुणिले फिरणारे द्रावण. आणि स्ट्रिपरमधून प्रत्यक्ष निघालेला वायू. तिन्ही आकडे काही टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत. मोठ्या डक्टमध्ये वायूचा वेग नीट मोजणे अवघड असते, त्यामुळे पहिला आकडा बहुधा भरकटतो आणि अहवालात तोच छापलेला असतो. पाण्याचाही मेळ लागतो. माथ्यावरून निघणारा वायू ४० ऐवजी ४५ अंशांना निघाला, तर आपल्या संचातून दिवसाला जवळपास ५० टन पाणी जास्त उडून जाते. द्रावण घट्ट होते, चिकटपणा वाढतो, आणि ३० टक्के समजून काढलेली सगळी गणिते चुकतात. दोन-तीन दिवस चालणाऱ्या चाचणीत हे लक्षातही येत नाही.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्राच्या तिसऱ्या युनिटवरचा कॅप्चर संच ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाला, वर्षाला १० लाख टनांच्या आखणीने. ५० लाख टनांचा टप्पा गाठायला त्याला आठ वर्षांहून अधिक काळ लागला. राख साचणे, अमाइनचे विघटन, २०२१ मध्ये कॉम्प्रेसरच्या मोटरचा बिघाड, ही कारणे जाहीर आहेत. चालू संचातच उपकरणे वेगळी काढून साफ करता यावीत म्हणून जोड उपकरणे आणि झडपा नंतर बसवाव्या लागल्या. या क्षेत्रातल्या सगळ्यांना त्या संचापासून शिकायला मिळाले, आणि ते अडचणी उघड झाल्यामुळेच. पकड ९० टक्के आणि संच चालू राहण्याचे प्रमाण ६० टक्के असेल, तर वर्षाची पकड ५४ टक्के भरते. छाननीच्या तक्त्यात या गुणाकारासाठी रकाना नाही.

इतर तंत्रांना हाच नियम लावावा, प्रश्न तेवढे वेगळे. चुन्याने वायू पुन्हापुन्हा धरून सोडवणाऱ्या कॅल्शियम लूपिंगवाल्यांना पहिल्या फेरीची क्षमता विचारू नये. नैसर्गिक चुनखडीची धारणा शेकडो फेऱ्यांनंतर सात-आठ टक्क्यांवर येते, म्हणून शंभराव्या फेरीचा आकडा आणि रोज किती ताजी चुनखडी घालणार ते विचारावे. घन शोषकांना दमट वायूवर तपासावे. झिओलाइट १३एक्स हे त्यांतले एक, पाण्यापुढे हार मानते. मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे वायू गाळणाऱ्या पडद्यात, पलीकडच्या वायूतली कार्बन डायऑक्साइडची वाढ दाबाच्या गुणोत्तरापलीकडे जाऊ शकत नाही, तेव्हा एका टप्प्यात ९५ टक्के शुद्धता सांगणाऱ्याला व्हॅक्यूम पंपाची वीज विचारावी. हवेऐवजी ऑक्सिजनवर जळणाऱ्या ऑक्सिफ्युएल भट्टीला पुन्हा हवेच्या गळतीचा प्रश्न. आणि सर्वांनाच हे विचारावे, की पकडलेला वायू पुढे कोण घेणार आणि कोणत्या शुद्धतेचा. ऑक्सिजन १० पीपीएम आणि पाणी ३० पीपीएमच्या आत आणणे ही वाहतुकीची खरी अट असते. त्याची यंत्रे, वीज आणि जागा नंतर सुचून चालत नाही.

आमच्या मागण्या आता नेमक्या शब्दांत मांडतो. दिवसाला एक ते दहा टनांच्या पथदर्शी संचावर, कारखान्याच्या खऱ्या धुरावर, द्रावणाच्या एकाच भरण्यावर किमान ३,००० तासांची चाचणी ही पूर्ण आकाराच्या प्रकल्पाच्या निधीची पूर्वअट असावी. भर घातलेल्या प्रत्येक पिंपाची नोंद ठेवून. त्या काळात रॉ मिल निदान दहा वेळा थांबलेली असावी, संच निदान तीनदा थंड होऊन पुन्हा सुरू झालेला असावा, आणि सल्फर धुण्याचा टप्पा बंद पडल्यावर द्रावणाचे काय झाले याची वाचने असावीत. असे प्रसंग चाचणीतून वगळू नयेत. चाचणी त्यांच्यासाठीच असते.

याच्या जोडीला निधीची मुदत बदलावी लागेल. तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिले वर्ष प्रयोगशाळेत जाते, दुसरे पथदर्शी संच उभारण्यात, आणि तिसऱ्याचे पहिले काही महिने गळती शोधण्यात आणि मीटर जुळवण्यात. संच नीट चालू लागतो तेव्हा जेमतेम सहा महिने उरतात, आणि त्यातले निम्मे अहवाल लिहिण्यात जातात. तरुण संशोधकाला चौथ्या वर्षी पैसे द्यावेत, फक्त चालवण्यासाठी : नवा रेणू नाही, नवे यंत्र नाही, नमुने काढायचे आणि मोजायचे. त्या वर्षात त्याच्या नावावर एकही शोधनिबंध पडला नाही तरी त्याचे गुण कापू नयेत. प्लेटा किती वेळा धुतल्या, फेस कधी आला, फेस मोडण्यासाठी काय घातले आणि त्याने वॉश टप्प्याचे काय झाले, हा त्या वर्षाचा निकाल आहे. तो शोधनिबंधाइतकाच मोजावा.

अखेरची मागणी स्वस्त आहे आणि उद्यापासून लागू करता येईल. आपल्या निधीतून चालणाऱ्या प्रत्येक संचाने दर आठवड्याला लीन द्रावणाचा एक लिटर नमुना, तारीख, तास आणि त्या वेळची लोहाची व अमोनियाची वाचने लिहून, घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत थंड जागी ठेवावा. निधी संपल्यानंतरही पाच वर्षे या बाटल्या फेकू नयेत, आणि आपण नेमाल त्या दुसऱ्या प्रयोगशाळेला मागितल्यावर द्याव्यात. ३,००० तासांच्या चाचणीच्या अशा अठरा बाटल्या होतात. एका कपाटात मावतील.

आपले विश्वासू,
औद्योगिक वायूंचे शुद्धीकरण आणि कार्बन कॅप्चर या क्षेत्रांत काम करणारे प्रक्रिया अभियंते व संशोधक